आधी हवा बघा: घरच्या भट्टीबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं घरी बांधलेल्या भट्टीबद्दल आहेत. कुणाची भट्टी पुरेशी तापत नाही, कुणाच्या सुरीचं टोकच जळून गेलं, कुणाचं महिनाभर खपून केलेलं पातं पाण्यात घालताच तडकलं. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. दोष कोळशाला, गॅसला नाहीतर पोलादाला दिला जातो, आणि चूक बहुतेक वेळा निघते हवेत. ती जास्त असते, कमी असते किंवा नको त्या जागी येत असते. त्यामुळे खालची बरीच उत्तरं फिरून हवेपाशीच येतील.

प्रश्न: मला छोट्या सुऱ्या घडवायच्या आहेत. पहिली भट्टी कोळशाची करावी की गॅसची? कोळशाची केली तर मापं काय धरावीत?

लाकडी कोळशाची करा. चुकली तर माती मोडून पुन्हा लावता येते. शिवाय विस्तवात पोलाद कुठे, किती वेळात आणि कसं तापतं हे उघड्या भट्टीत डोळ्यांसमोर दिसतं. ती नजर बसली की गॅसची भट्टी सोपी जाते.

६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल असं पत्र्याचं खोकं घ्या आणि कमरेच्या उंचीच्या ओट्यावर किंवा लोखंडी घोडीवर ठेवा. एक भाग चाळलेली चिकणमाती आणि दोन भाग वाळू कालवा. पाणी इतकंच घाला की मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. तळाला ७ सेंमीचा थर चांगला ठोकून बसवा. त्यावर मधोमध ३० सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद चर सोडून बाकीची जागा मातीने ठोकत वरपर्यंत या. चराच्या दोन्ही टोकांना मातीत उतरती खाच ठेवा, म्हणजे लांब पट्टी आडवी ठेवता येते.

हवेची नळी २५ मिमी आतल्या व्यासाची, किमान ३ मिमी जाड भिंतीची घ्या. ती चराच्या लांब बाजूतून आडवी आत आणायची. तिचं तोंड चराच्या भिंतीशी सपाट राहील आणि चराच्या तळापासून ७ ते ८ सेंमी वर असेल. ही खालची जागा राखेसाठी आहे. नळी तळाशी टेकवली तर तासाभरात राख तोंडाशी येते, हवा अडते आणि भट्टी मंदावते. नळीचं तोंड हळूहळू जळून आखूड होतं, म्हणून बाहेरच्या बाजूला ३० सेंमी जास्त लांबी ठेवा आणि लागेल तशी आत ढकलत चला.

माती सावलीत आठवडाभर वाळू द्या, भेगा पडल्या तर त्याच मिश्रणाने बुजवा आणि पहिला विस्तव अगदी छोटा पेटवा. आजूबाजूला नदीतले गोटे किंवा काँक्रीटचे तुकडे लावू नका. त्यांच्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटून उडतात.

चराच्या दोन्ही बाजूंना काठावर एकेक वीट उभी करा म्हणजे कोळशाचा ढीग सांडत नाही. पोलाद नळीच्या ८ ते १० सेंमी वर आडवं ठेवायचं आणि त्यावर आणखी ५ सेंमी कोळसा ओढायचा. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे उथळ विस्तव. लाकडी कोळशाला खोली लागतेच. ताटलीएवढ्या निखाऱ्यावर कितीही वारा घातला तरी पोलाद एका बाजूने जळतं आणि दुसऱ्या बाजूने काळंच राहतं.

प्रश्न: केस वाळवायचा ड्रायर नळीला चिकटवून बसवला आहे. कोळसा बघता बघता संपतो, पट्टीवर जाड पोपडे धरतात आणि दोनदा सुरीचं टोक ठिणग्या उडवत जळून गेलं. कोळसा वाईट आहे का?

कोळसा ठीक आहे, हवा फार आहे.

लाकडी कोळसा हलका आणि सच्छिद्र असतो. त्याला संथ वारा पुरतो. दगडी कोळशाला किंवा कोकला लागतो तेवढा जोर इथे दिला की तो भराभरा जळून जातो, उष्णता वरच्या वर निघून जाते आणि न वापरलेला प्राणवायू थेट पोलादाला लागतो.

विस्तवात थरांप्रमाणे काय घडतं ते समजून घ्या. नळीच्या तोंडाशी प्राणवायू कोळशाशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि सगळ्यात जास्त उष्णता तिथेच निघते. पुढच्या काही सेंटीमीटरमध्ये प्राणवायू संपतो. त्याच्या वरचे निखारे त्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइड करतात. प्राणवायू नुकताच संपला आहे पण उष्णता अजून भरपूर आहे, अशा मधल्या पट्ट्यात पोलाद ठेवायचं असतं. वाऱ्याचा जोर वाढवला की प्राणवायूचा पट्टा वर सरकतो आणि पोलादाला गाठतो. पोपडे म्हणजे तुमचं जळलेलं पोलादच. टोक पातळ असतं, म्हणून ते आधी तापतं आणि आधी जळतं. एकदा फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या की तेवढा भाग गेलाच. तो ठोकून सुधारत नाही, कापूनच टाकावा लागतो.

ड्रायर थंड हवेवर आणि सगळ्यात कमी वेगावर ठेवा. तो नळीला चिकटवू नका. ५ ते ८ सेंमी अंतरावर धरून बसवा आणि मागेपुढे सरकवून हवा ठरवा. जास्तीची हवा बाजूने निघून जाते आणि मोटारही तापत नाही. याहून चांगलं म्हणजे नळीवर टी-जोड बसवून त्याच्या मोकळ्या तोंडावर सरकती पत्र्याची झडप लावायची. झडप उघडली की हवा बाहेर, मिटली की विस्तवात. ब्लोअरला पायाने दाबायचा स्विच जोडता आला तर उत्तमच, कारण पट्टी ऐरणीवर असते तेव्हा वाऱ्याची गरजच नसते.

हवा बरोबर आहे हे ओळखायचं निखाऱ्यांवरून. ते जागच्या जागी पिवळट नारिंगी धगधगतात आणि ढिगावर आखूड ज्वाळा असते. निखारे नाचू लागले, ठिणग्यांचा फवारा उडू लागला की जोर कमी करा.

कोळशाचे तुकडे सुपारीपासून लिंबाएवढे फोडून घ्या आणि भुगा चाळून टाका. मोठे तुकडे ठेवले तर मध्ये पोकळ्या राहतात आणि त्यांतून हवा सरळ पोलादापर्यंत पोचते. भुगा राहिला तर नळीचं तोंड गुदमरतं. ढिगाच्या कडेला भोकाच्या डब्याने अधूनमधून पाणी शिंपडा, म्हणजे विस्तव पसरत नाही आणि कडेचा कोळसा उगाच जळत नाही. सुरीचं टोक मधल्या धगीच्या पलीकडे काढून ठेवा, जाड भाग धगीत राहू दे. टोकाला उष्णता आपोआप पोचते.

आणखी एक. एका तापावर हातोड्याखाली साधारण ८ ते १० सेंमी लांबीच घडते. तेवढीच तापवा. अख्खी पट्टी लाल करायची हौस म्हणजे जिथे हातोडा लागणारच नाही तिथलं पोलाद फुकट जाळणं.

प्रश्न: हवेच्या नळीसाठी घरात पाण्याचा जुना गॅल्व्हनाइज्ड पाइप पडून आहे. चालेल?

भट्टीजवळ नको. त्यावरचा जस्ताचा थर तापला की वितळतो आणि ९०७ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. कानशीने घासून थर पूर्ण निघत नाही. काळी लोखंडी नळी आणा. जुन्या खिळ्यांना, साखळ्यांना, नटबोल्टांनाही हाच नियम लावा. राखाडी चकचकीत मुलामा दिसला की भट्टीत घालायचं नाही.

प्रश्न: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू समप्रमाणात कालवून बादलीत भट्टी ओतली. तीन वेळा पेटवल्यावर आतून ढेपा पडू लागल्या. प्रमाण चुकलं का?

प्रमाण कसंही घेतलं तरी हेच झालं असतं. ही कृती फार पसरली आहे आणि तिच्यामुळे बरीच मेहनत वाया जाते, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

प्लास्टर घट्ट होतं ते पाण्याला स्वतःच्या रचनेत धरून. १५० अंशांच्या पुढे ते पाणी सुटू लागतं. पाणी गेलं की प्लास्टर आकसतं आणि त्याचा भुसा होतो. भट्टीच्या आतली भिंत १००० अंशांच्या वर जाते, म्हणजे धरून ठेवणारं काही उरतच नाही. वाळूतली गारगोटी ५७३ अंशांना एकदम फुगते आणि थंड होताना आकसते, त्यामुळे दर वेळी नव्या भेगा पडतात. हे मिश्रण जडही असतं. उष्णता थोपवण्याऐवजी ती स्वतःच पिऊन बसतं, म्हणून भट्टी तापायला उशीर लागतो. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते, आणि घाईने पेटवलं तर वाफेने टवके उडतात. साध्या सिमेंटचीही कथा थोडीफार अशीच: ४५० अंशांच्या आसपास त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य मोडू लागतं.

कोळशाच्या भट्टीला आधी सांगितलेली चिकणमाती आणि वाळू पुरते. तिथे माती जाड असते आणि खराब झालेली जागा पाच मिनिटांत लिंपता येते. गॅसच्या भट्टीला मात्र उष्णता अडवणारं अस्तरच हवं. ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न: गॅसवर चालणारी भट्टी करायची आहे. मोठी आणि दोन बर्नरची करावी असा विचार आहे, म्हणजे पुढे तलवारीएवढं पातंही तापवता येईल. सल्ला द्या.

छोटी आणि एका बर्नरची करा. आतली मोकळी जागा लिटरमध्ये मोजायची सवय लावा. पाऊण इंची नळीचा एक साधा बर्नर साधारण साडेपाच लिटरपर्यंतची पोकळी घडाईच्या तापाला नेतो, अर्धा इंची अडीच लिटरपर्यंत. पोकळी त्याहून मोठी झाली की गॅस दुप्पट जातो आणि पोलाद तरीही नारिंगीवरच अडतं.

२५ सेंमी व्यासाचं, ३० सेंमी लांब पत्र्याचं नळकांडं घ्या. आत २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक ब्लँकेटचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या गादीचे, दोन थर बसवा. ब्लँकेट १२६० अंशांपर्यंतचं, घनता १२८ किलो प्रति घनमीटर. त्यावर १२ मिमी हाय-ॲल्युमिना कास्टेबलचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या उष्णतारोधक सिमेंटचा लेप. मग आतला व्यास उरतो सुमारे १२.५ सेंमी आणि पोकळी ३.७ लिटरच्या आसपास. पाऊण इंची एक बर्नर हिला आरामात पुरतो.

जुना सिलिंडर कापून नळकांडं करायचा मोह अनेकांना होतो. रिकामा वाटणारा सिलिंडरही आतून गॅसने भरलेला असतो. व्हॉल्व्ह काढून तो पाण्याने काठोकाठ भरल्याशिवाय त्याला करवत लावू नये, आणि आमचं मत विचाराल तर कापूच नये. पत्रा वाकवून किंवा जाड पाइपचा तुकडा घेऊन तेच काम होतं.

ब्लँकेट कापताना धूळ गाळणारा चांगला मास्क, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. आत बसवल्यावर कोलॉइडल सिलिका (पाण्यात मिसळलेले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) फवारून ते ताठ करा, वाळवा आणि मगच कास्टेबल लिंपा. उघडं ब्लँकेट वापरू नका. बराच काळ १००० अंशांच्या वर राहिलं की त्याच्या तंतूंचा काही भाग स्फटिकरूप सिलिका होतो आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात साचते. शिवाय पोलाद तापवून जोडताना वापरतात तो टाकणखार म्हणजे बोरॅक्स वितळून त्यावर पडला, तर साखरेवर गरम पाणी पडावं तसं ते विरघळून खड्डा पडतो.

कास्टेबलमध्ये पिशवीवर लिहिलेलंच पाणी घाला. लिंपायला सोपं जावं म्हणून पातळ केलेलं कास्टेबल पुढे तडकतं. २४ तास प्लास्टिकखाली ओलं ठेवा, मग आत दिवा लावून दोन-तीन दिवस वाळवा. त्यानंतर पाच ते दहा मिनिटांचे लहान जाळ द्या, मधे पूर्ण थंड होऊ द्या. वाफ निघणं थांबलं की अस्तर तयार.

आता बर्नर. पाऊण इंची काळ्या पाइपचा १८ ते २० सेंमी तुकडा, मागच्या टोकाला दीड इंचावरून पाऊण इंचावर येणारा रिड्युसर. रिड्युसरच्या रुंद तोंडात मधोमध गॅसचा जेट, म्हणजे बारीक भोकाची तोटी. जेटसाठी एमआयजी वेल्डिंगची ०.९ मिमी तारेसाठीची टिप चालते. गॅसची धार नळीच्या बरोबर मध्यरेषेतून गेली पाहिजे. बर्नर बसवण्याआधी जेटमधून पाणी सोडून पाहा: धार भिंतीला न लागता सरळ पलीकडे गेली पाहिजे. जेट दोन मिमी जरी तिरका असला तरी तो हवा नीट ओढत नाही.

स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर इथे चालत नाही. तो साधारण ३० मिलीबार दाब देतो. या बर्नरला ० ते २ बार असा फिरवता येणारा रेग्युलेटर हवा. काम ०.३ ते १ बारच्या दरम्यान होतं. गॅसला चालणारीच रबरी नळी घ्या, हाताशी पाव फेऱ्यात बंद होणारा कॉक बसवा आणि प्रत्येक जोड साबणाच्या फेसाने तपासा. बर्नर वरून पण थोडा तिरका आत आणा, म्हणजे ज्वाळा भिंतीला धरून गोल फिरते आणि पात्यावर थेट आदळत नाही. बर्नरचं तोंड आतल्या भिंतीपासून सेंटीमीटरभर मागेच ठेवा.

प्रश्न: बर्नर धपधप आवाज करतो आणि थोड्या वेळाने ज्वाळा नळीत मागे शिरते. सुरुवातीला मात्र छान चालतो.

ज्वाळा मागे शिरली की आधी कॉक बंद. मग विचार.

गॅस आणि हवेचं मिश्रण ज्या वेगाने पुढे येतं त्याहून ज्वाळा मागे वेगाने सरकते, तेव्हा हे होतं. सुरुवातीला चालतो आणि मग बिघडतो म्हणजे बहुधा बर्नरचं तोंड फार तापतंय. ते पोकळीत पुढे आलं असेल तर मागे घ्या, भोवतीची फट ब्लँकेटने भरा. दाब फार कमी ठेवला असेल तर थोडा वाढवा. पुढच्या तोंडाशी विटा लावून भट्टी जवळजवळ बंद केली असेल तर एक वीट काढून पाहा. आतले वायू बाहेर पडायला वाट नसेल तर ते बर्नरला मागे ढकलतात. इथेही पुन्हा हवाच, फक्त बाहेर जाणारी.

भट्टी बरेच दिवस बंद असेल तर जेट काढून उजेडासमोर धरा. कोळ्याला गॅसच्या जेटचं भोक फार आवडतं. जाळ्याचा एक धागाही धार वाकडी करतो.

हवेचं प्रमाण ज्वाळेवरून ठरवा. तोंडातून लांब पिवळी ज्वाळा येते, भट्टी मंद तापते: हवा कमी. ज्वाळा आखूड, कर्कश फुसफुस, पट्टीवर भराभर पोपडे: हवा जास्त. तोंडाशी हातभर नव्हे, वीतभर मऊ ज्वाळा दिसते तेव्हा घडाईसाठी प्रमाण ठीक असतं. रिड्युसरच्या तोंडासमोर मागेपुढे सरकणारी पत्र्याची चकती लावली की हे हवं तसं जुळवता येतं.

पेटवताना आधी जळता बोळा भट्टीत, मग गॅस. ब्लोअरवर चालणारा बर्नर असेल तर ब्लोअर आधी, बोळा, मग गॅस. बंद करताना सिलिंडरवरून बंद करा आणि नळीतला गॅस जळून जाऊ द्या. त्यानंतर चकती लगेच मिटा. नाहीतर आतली गरम हवा धुराड्यातून चढावी तशी बर्नरमधून वर येते आणि जेट, रबरी नळी भाजते.

प्रश्न: तासाभराने सिलिंडरवर बर्फ धरतं आणि दाब पडतो. गॅस संपला नसताना असं का?

द्रव गॅसचा वायू होताना तो सिलिंडरचीच उष्णता घेतो. ओढ जास्त आणि सिलिंडर लहान असला की तो गारठतो आणि वायू होण्याचा वेग मंदावतो. ब्यूटेनचं प्रमाण जास्त असेल तर हे लवकर होतं, कारण ते शून्य अंशाच्या आसपासच उकळतं. मोठा सिलिंडर घ्या किंवा दोन समांतर जोडा. तोवर कोमट पाण्याच्या टबात उभा ठेवा. कढत पाणी नको, आणि ज्वाळा तर कधीच नको. सिलिंडर आडवा केला तर द्रव थेट नळीत येतो, तेव्हा उभाच.

प्रश्न: भट्टी बंद खोलीत ठेवली आहे. एक खिडकी उघडी असते, तरी काम करताना डोकं दुखतं.

काम थांबवा. हे कार्बन मोनॉक्साइडचं लक्षण असू शकतं. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुंगी येऊ लागली की माणसाला स्वतःला ते उमगत नाही. कोळशाची भट्टी तो बनवतेच, आणि गॅसची भट्टीही पोपडे टाळायला हवा कमी ठेवली की बनवते.

एका खिडकीने वारा खेळत नाही. एक वाट खालून हवा येण्यासाठी आणि समोरच्या बाजूला एक उंचावर, गरम वायू जाण्यासाठी, अशा दोन लागतात. खरं तर तीन बाजूंनी उघडी शेड किंवा अंगणच बरं. आत काम करायचंच असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म श्वासाच्या उंचीवर बसवा. तळघरात गॅसची भट्टी अजिबात नको. गॅस हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. काम संपल्यावर उरलेले निखारे तास न् तास धुमसतात, ते खोलीत ठेवून दार लावू नका.

प्रश्न: बांधकामाच्या सळईपासून सुरी केली. धार राहत नाही. पाणी देण्यात चुकलं का?

साध्या सळईत पाणी धरण्याइतका, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केल्यावर कडक होण्याइतका, कार्बन नसतो. ती सांडशी, आकडे, छिन्नीचे दांडे करायला वापरा. ग्राइंडरवर टेकवून पाहा: सळईच्या ठिणग्या लांब, सरळ निघतात, जुन्या कानशीच्या ठिणग्या जवळच फुटून झुडपासारख्या पसरतात. झुडूप दिसेल ते पोलाद सुरीचं.

प्रश्न: गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून पातं केलं. लाल करून पाण्यात बुडवलं तर टण्‌कन आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला. दुसरं वाकलं. हे घरच्या भट्टीत जमतं का?

जमतं. तीन गोष्टी बदला: तडा कुठून आला ते ओळखा, ताप मोजूनमापून द्या आणि पाण्याऐवजी तेल वापरा.

तुटलेला भाग उजेडात धरा. कड साखरेच्या दाण्यांसारखी खडबडीत चमकत असेल तर पोलाद फार तापलं होतं आणि त्याचे कण वाढले होते. राखाडी, मखमलीसारखी मऊ दिसत असेल तर ताप ठीक होता, दोष पाण्याचा. तड्याची एक बाजू आधीपासून काळी असेल तर तो तडा जुना आहे. वर्षानुवर्षं वाकून थकलेल्या पाट्यात असे केसाएवढे तडे असतात, म्हणून पहिल्या प्रयोगाला वापरलेला पाटा घेऊ नये.

पाट्याचं पोलाद साधारण ०.६ टक्के कार्बनचं, ५१६० या क्रमांकाच्या प्रतीचं किंवा त्याच्या जवळचं असतं. ते तेलात पाणी धरतं. पाण्यात ते इतक्या झपाट्याने आकसतं की पातळ धार आधी कडक होते आणि मागचा भाग तिला ओढून फाडतो. धार तापवण्याआधीच तीक्ष्ण केली असेल तर हे हमखास होतं. या टप्प्याला धारेची जाडी दीड मिमी ठेवा.

पाणी देण्याआधी पोलाद तीन वेळा निवांत करा. पहिल्यांदा ८७० अंशांच्या आसपास, दुसऱ्यांदा थोडं कमी, तिसऱ्यांदा मंद लाल असं तापवायचं आणि दर वेळी शांत हवेत टांगून काळं होऊ द्यायचं. ठोकताना आत बसलेला ताण निघतो, कण बारीक होतात. वाकण्याचं निम्मं कारण इथेच जातं.

मग मुख्य ताप. उघड्या विस्तवात पातं एकसारखं तापवणं कठीण, म्हणून भट्टीत एका टोकाला बंद केलेली काळी नळी आडवी ठेवा, ती लाल होऊ द्या आणि पातं तिच्या आत घाला. नळीत कोळशाचा खडा टाकला तर उरलेला प्राणवायू तो खातो. हवा अगदी मंद करा.

खोली अंधारी करा आणि पात्याकडे बघत राहा. लाली चढत जाते आणि मध्येच तिच्यात गडद सावल्या दिसू लागतात, लालीच्या आत काहीतरी पाण्यासारखं हलतंय असं वाटतं. पोलादाची आतली रचना बदलताना उष्णता शोषली जाते, तेवढा भाग क्षणभर मागे पडतो आणि काळसर दिसतो. पातळ धारेवरची सावली आधी सरकून जाते, जाड पाठीजवळची सगळ्यात शेवटी. ती विरली की पातं बदललं. जवळ लोहचुंबक ठेवा: ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून आणखी एक छटा वर, साधारण ८३० अंश, आणि तो रंग टोकापासून मुठीपर्यंत सारखा झाला की थोडा वेळ तसाच धरा.

तेल ५० ते ५५ अंश गरम असावं. गरम तेल पातळ होतं, पात्याभोवतीची वाफ लवकर मोडते आणि थंडावा सारखा लागतो. चार-पाच लिटर तेल, उंच लोखंडी डबा, शेजारी घट्ट झाकण. पातं टोकाकडून सरळ उभं आत घाला आणि धारेच्या दिशेने मागेपुढे करा. आडवं हलवलंत तर एक बाजू आधी थंड होऊन पातं वाकेल, तुमच्या दुसऱ्या पात्याचं बहुधा हेच झालं. बाहेर काढल्यावर ते अजून २०० अंशांच्या वर असतं, तेव्हा काही सेकंद हातमोज्यांनी दाबून सरळ करता येतं. त्यानंतर दाबू नका, काचेसारखं मोडेल.

कानस फिरवून पाहा. ती घसरली तर पाणी धरलं. धरत असेल तर आधी वरचा पातळ थर घासून पुन्हा पाहा, कारण तापताना पृष्ठभागातला कार्बन जळून तेवढीच साल मऊ राहते. आतही कानस चालली तर ताप कमी पडला, पुन्हा करा.

तासाभराच्या आत कडकपणा थोडा उतरवा. ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घरच्या ओव्हनचा काटा खाली-वर होतो, म्हणून ट्रेमध्ये वाळू भरून पातं तिच्यात पुरा आणि शेजारी थर्मामीटर ठेवा. घासलेल्या पृष्ठभागावर फिकट गवती रंग यायला हवा. तपकिरीकडे गेलं तर धार लवकर बसेल, निळं झालं तर ते पातं पुन्हा स्प्रिंग झालं.

प्रश्न: तेल म्हणून गाडीचं जुनं इंजिन ऑइल वापरलं तर?

नको. त्यात झिजलेले धातू आणि रसायनं असतात, लाल पातं त्यात घातलं की त्यांचा धूर थेट तोंडावर येतो. साधं खाद्यतेल चालतं. डबा उघडा राहिला तर त्यात ओल शिरते. पाणी तळाशी बसतं, दिसत नाही, आणि पातं तळापर्यंत गेलं की उकळतं तेल उडवतं. फार दिवसांनी तेल काढलंत तर तळाचं चमचाभर वेगळ्या भांड्यात तापवून पाहा. तडतडलं तर ते तेल वापरू नका.